अस्थिमज्जेचे दान : एका उपचारपद्धतीचा इतिहास

मानवी शरीरातील हाड बाहेरून कठीण, कोरडे आणि निर्जीव भासते. देहाला आधार देणे एवढेच त्याचे कार्य, अशी समजूत शतकानुशतके रूढ होती. हाडाच्या पोकळीत असणाऱ्या मऊ, लालसर गराला आपल्या प्राचीन वैद्यकाने 'मज्जा' असे नाव दिले आणि सप्तधातूंमध्ये त्याला सहावे स्थानही दिले. परंतु रक्ताचा उगम या मज्जेत होतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगात कोणासच ज्ञात नव्हती. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हीच मज्जा एका माणसाच्या हाडातून काढून दुसऱ्याच्या देहात रुजविण्याची विद्या माणसाने साध्य केली. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, मज्जा सुकून जाण्याचा विकार यांसारख्या एकेकाळी असाध्य मानल्या गेलेल्या व्याधींतून त्यामुळे असंख्य रुग्ण बरे झाले.

या उपचाराचे एक वैशिष्ट्य आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे. इतर बहुतेक औषधे वनस्पतींपासून, रसायनांपासून किंवा प्रयोगशाळेत तयार होतात व पैसे मोजून विकत घेता येतात. परक्या मज्जेची गरज असलेल्या रुग्णाचे औषध मात्र दुसऱ्या जिवंत माणसाच्या हाडातच असते आणि त्याने संमती दिल्याशिवाय ते मिळत नाही. म्हणूनच अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा इतिहास हा जितका शास्त्रज्ञांच्या चिकाटीचा आहे, तितकाच तो दात्यांचाही आहे.

रक्ताचे उगमस्थान

१८६८ साली दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे एकच शोध लावला. प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीतील पाविया येथे ज्युलिओ बिझोझेरो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मज्जेचे निरीक्षण केले. रक्तपेशी तेथेच घडतात, हे त्यांनी दाखवून दिले. हे मत तत्काळ सर्वमान्य झाले नाही. पुढे मात्र त्याची सत्यता निर्विवाद ठरली.

निरोगी प्रौढ माणसाच्या मज्जेत दररोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी साधारणतः १२० दिवस जगते, पांढऱ्या पेशींपैकी अनेकींचे आयुष्य त्याहून कितीतरी कमी असते आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट्स आठ-दहा दिवसांत संपतात. मज्जेचे काम थांबले, तर प्रथम जंतुसंसर्ग व रक्तस्राव आणि मागाहून तीव्र रक्तक्षय ओढवतो. या अखंड निर्मितीच्या मुळाशी अत्यल्प संख्येत असणाऱ्या काही पेशी असतात. त्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि रक्तातील प्रत्येक प्रकारच्या पेशीलाही जन्म देतात. मराठीत त्यांना मूलपेशी म्हणतात. रुग्णालयांत 'स्टेम सेल' हा शब्द रूढ आहे. त्यांच्या अस्तित्वाचा प्रायोगिक पुरावा १९६१ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक यांनी दिला. मज्जेचे प्रत्यारोपण म्हणजे मुख्यतः या मूलपेशींचे प्रत्यारोपण होय.

हिरोशिमानंतर

मज्जा बदलण्याची कल्पना वैद्यकात येण्यास एक मोठी मानवनिर्मित आपत्ती कारणीभूत झाली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्यात आले. स्फोटात आणि आगीत जे तत्काळ मृत्युमुखी पडले, त्यांच्याखेरीज वरवर धडधाकट दिसणारी अनेक माणसे पुढील काही आठवड्यांत दगावली. त्यांचे केस गळले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, ताप चढला आणि साध्या जंतूंशी झुंजण्याची शक्तीही उरली नाही. किरणोत्सर्गाने त्यांची मज्जा जाळून टाकली होती. अशा माणसाला वाचविता येईल काय, हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांपुढे उभा राहिला.

१९४९ मध्ये शिकागो विद्यापीठातील लिऑन जेकबसन यांनी उंदरांवर प्राणघातक किरणांचा मारा केला. परंतु त्यांची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकून ठेवली. उंदरांच्या प्लीहेतही रक्तपेशी तयार होतात. ते उंदीर जगले. १९५१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील एगॉन लोरेंझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणांचा मारा झालेल्या प्राण्यांच्या शिरेत निरोगी मज्जा सोडली. तेही प्राणी वाचले. मज्जेतील एखादे रसायन प्राण वाचविते की प्रत्यक्ष पेशी नव्या देहात जाऊन रुजतात, यावर काही वर्षे वाद चालला. १९५६ मध्ये इंग्लंडमधील हार्वेल येथील संशोधकांनी दात्याच्या पेशींतील विशिष्ट गुणसूत्राच्या खुणेवरून त्या रुजल्याचे सिद्ध केले आणि हा वाद मिटला. त्याच वर्षी तेथील बार्न्स, लाउटिट आणि सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांवर हा उपाय करून पाहिला. किरणांनी रोगट मज्जा नष्ट करावयाची आणि तिच्या जागी निरोगी मज्जा पेरावयाची, हे आजच्या उपचाराचे सूत्र तेथे प्रथम स्पष्टपणे मांडले गेले.

या इतिहासाचे एक अंग अहिंसेला जीवनमूल्य मानणाऱ्या वाचकास व्यथित करील. या विद्येचा पाया उंदीर, गिनीपिग आणि पुढे कुत्रे यांच्यावरील प्रयोगांवर उभा आहे. अगणित मुक्या जिवांनी त्यासाठी प्राण गमावले. त्यांचा उल्लेख टाळून केवळ मानवी यशाची गाथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आज जो रुग्ण बरा होऊन घरी परततो, त्याच्या आयुष्यावर या जिवांचेही ऋण आहे.

पहिले प्रयत्न, पहिली अपयशे

माणसावर हा उपचार आणण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. ई. डॉनल थॉमस यांना दिले जाते. टेक्सासमधील एका खेड्यात रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरांचे ते चिरंजीव. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहान गावातील रुग्णालयात काम करीत असताना त्यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. किरणोपचार किंवा तीव्र औषधे देऊन त्यांच्या शिरेत दुसऱ्या माणसाची मज्जा सोडण्यात आली होती. मज्जा शिरेतून देता येते आणि ती आपोआप हाडांच्या पोकळीत पोहोचते, हे त्यातून दिसून आले. तथापि सहापैकी एकही रुग्ण दीर्घकाळ जगला नाही. दोन वर्षांनी त्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या रुग्णाला त्याच्याच जुळ्या भावंडाची मज्जा देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. मज्जा उत्तम रुजली; परंतु काही महिन्यांतच रोग उलटला.

दरम्यान १५ ऑक्टोबर १९५८ रोजी तत्कालीन युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत अपघात घडला. सहा जणांच्या शरीरात किरणोत्सर्गाची मोठी मात्रा गेली. त्यांना पॅरिस येथे नेण्यात आले. डॉ. जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना मज्जा देण्याचा निर्णय घेतला. ना नात्याचे, ना देशाचे, ना भाषेचे असे फ्रेंच दाते त्यासाठी पुढे आले. या कृतीत स्वतःस धोका किती, हे सांगण्याइतका अनुभव तेव्हा जगात कोणापाशीच नव्हता. मज्जा मिळालेल्या पाचांपैकी चौघे वाचले. परकी मज्जा त्यांच्या देहात कायमची रुजली नाही. काही काळाने त्यांची स्वतःची मज्जा पुन्हा कार्यरत झाली. त्यामुळे त्यांच्या जगण्यात प्रत्यारोपणाचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद राहिले. परंतु सर्वस्वी अनोळखी माणसासाठी मज्जादान करण्याची परंपरा त्या दात्यांपासून सुरू झाली, याविषयी दुमत होऊ नये.

आपले आणि परके

त्यानंतरचे दशक निराशेचे गेले. जगभरात सुमारे दोनशे प्रत्यारोपणे झाली आणि त्यांतील बहुतेक सर्व रुग्ण दगावले. काहींच्या देहाने परकी मज्जा नाकारली. काहींच्या बाबतीत याच्या उलट, अधिक भयंकर प्रकार घडला. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात रुग्णाचे शरीर परक्या अवयवावर हल्ला करते. मज्जेबरोबर मात्र दात्याची रोगप्रतिकारशक्तीच रुग्णाच्या देहात प्रवेश करते आणि नव्या घराला परके समजून त्याची त्वचा, यकृत व आतडी यांवर तुटून पडते. पाहुण्याने यजमानावरच शस्त्र उगारावे, तसा हा प्रकार होता. अनेक नामवंत संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला.

या अपयशाचे कारण पेशींवरील ओळखचिन्हांत दडलेले होते. प्रत्येक माणसाच्या पेशींवर काही विशिष्ट प्रथिने असतात आणि त्यांच्यावरून शरीर आपले कोण व परके कोण हे ओळखते. यांतील पहिल्या चिन्हाचा शोध १९५८ मध्ये पॅरिसचे डॉ. जाँ दोसे यांनी लावला आणि १९८० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या चिन्हांच्या समूहास 'एचएलए' असे नाव आहे. ही चिन्हे ठरविणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांचा एक संच पित्याकडून व एक संच मातेकडून येतो. त्यामुळे सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. आई-वडिलांशी जुळणी बहुधा निम्मीच होते. रक्तगट जुळणे मात्र अनिवार्य नसते. अनेक रुग्णांचा रक्तगट प्रत्यारोपणानंतर बदलून दात्याचा होतो, ही गोष्ट सामान्य वाचकास नवलाची वाटेल.

या ज्ञानाचा पहिला मोठा लाभ १९६८ मध्ये झाला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट गुड यांच्याकडे काही महिन्यांचे एक बालक आले. जन्मतःच त्याला प्रतिकारशक्ती नव्हती आणि त्याच्या घराण्यातील अनेक मुलगे याच विकाराने बालपणी दगावले होते. त्याच्या बहिणीची मज्जा त्याला देण्यात आली. बाळ वाचले, वाढले आणि प्रौढ झाले. दीर्घकाळ टिकलेल्या यशाचा हा प्रारंभ एका लहान बहिणीच्या दानातून झाला.

शंभरांपैकी तेरा

डॉ. थॉमस १९६३ मध्ये सिॲटल येथे गेले. बहुतेकांनी आशा सोडली असताना त्यांनी माणसांवरील प्रयोग काही वर्षे थांबविले आणि कुत्र्यांमध्ये ओळखचिन्हे जुळवून मज्जा रुजविण्याचा अभ्यास चालू ठेवला. त्यांच्या पत्नी डॉटी या प्रयोगशाळेतील कामापासून शोधनिबंधांच्या संपादनापर्यंत प्रत्येक कार्यात सहभागी असत. १९६९च्या सुमारास या पथकाने पुन्हा रुग्णांकडे मोर्चा वळविला. १९७५ मध्ये सिॲटल येथे फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि पुढे तेच या विद्येचे जगातील प्रमुख विद्यापीठ ठरले.

१९७७ मध्ये या पथकाने शंभर रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सर्वांना रक्ताचा तीव्र कर्करोग होता आणि इतर सर्व उपाय थकले होते. शंभरांपैकी तेरा रुग्ण रोगमुक्त अवस्थेत जिवंत होते. सत्त्याऐंशी गेले आणि तेरा राहिले, हे यश म्हणावे काय, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु ज्या अवस्थेत शंभरांपैकी शंभरांचा मृत्यू अटळ होता, तेथे तेरांचे जगणे ही क्रांतीच होती. अखेरच्या अवस्थेत तेरा वाचतात, तर रोग आटोक्यात असतानाच हा उपचार केला तर काय होईल, असा विचार पुढे आला. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुभवात, रोग प्रथम आटोक्यात येताच प्रत्यारोपण केलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण जिवंत असल्याचे आढळले. १९८६ मध्ये सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट ही औषधे एकत्र दिल्याने परक्या मज्जेचा हल्ला बराच सौम्य होतो, असे दिसून आले. १९९० मध्ये डॉ. थॉमस यांना मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे प्रवर्तक डॉ. जोसेफ मरे यांच्यासह नोबेल पारितोषिक देण्यात आले. पहिल्या सहा रुग्णांच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी हा गौरव झाला.

अनोळखी दात्याचा शोध

भावंडांपैकी कोणाचीच मज्जा जुळत नसेल, तर रुग्णाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर एका मातेने शोधले. शर्ली नोलन यांचा मुलगा अँथनी जन्मतःच एका दुर्मीळ रक्तविकाराने ग्रस्त होता आणि घरात कोणीही जुळणारा दाता नव्हता. १९७४ मध्ये त्यांनी लंडन येथे स्वेच्छा दात्यांची नोंदवही सुरू केली. जगातील अशा प्रकारची ती पहिली संस्था होय. अँथनीला दाता मिळाला नाही. १९७९ मध्ये वयाच्या आठव्या वर्षाच्या आतच तो गेला. परंतु त्याच्या नावाने चालणाऱ्या या संस्थेमुळे पुढे हजारो रुग्णांना दाते मिळाले. त्याच १९७९ साली सिॲटल येथे रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीला नात्याबाहेरील दात्याची मज्जा देण्यात आली. १९८६ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय स्तरावरील दाता नोंदणी उभी राहिली. आज जगभरातील अशा नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक इच्छुक दाते आहेत.

दानाची प्रक्रिया अनेकांना वाटते तितकी भयावह नाही. नोंदणीसाठी गालाच्या आतील भागावरून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला जातो. पुढे जुळणी झाली, तर दोन पद्धती असतात. पहिल्या पद्धतीत दात्याला भूल देऊन कटीच्या हाडातून सुईने मज्जा काढली जाते. दुसऱ्या, आता अधिक प्रचलित असलेल्या पद्धतीत, दात्याला चार-पाच दिवस एका औषधाची इंजेक्शने देतात. त्यामुळे मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग प्लेटलेट्सच्या दानाप्रमाणे यंत्राद्वारे त्या वेगळ्या काढून उरलेले रक्त परत दिले जाते. काही दिवस अंगदुखी जाणवते. दिलेल्या पेशींची भरपाई शरीर काही आठवड्यांत करते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी या मज्जेचा काहीही संबंध नाही. दान केल्याने अर्धांगवायू होतो, हा प्रवाद केवळ नामसाधर्म्यातून निर्माण झालेला आहे.

मुंबई, १९८३

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण आपल्या महाराष्ट्रात झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परळ येथे १९४१ पासून रुग्णसेवा करणाऱ्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. या पथकाचे नेतृत्व डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. बालपणीच पोलिओ झाल्याने चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागणाऱ्या या डॉक्टरांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. त्यानंतर त्यांनी सिॲटल येथे डॉ. थॉमस यांच्याकडे या विद्येचे प्रशिक्षण घेतले. भारत सरकारने त्यांना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले.

१९८६ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅमेन चंडी यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यारोपण विभाग सुरू झाला आणि थॅलेसेमियाग्रस्त बालकांसाठी तो मोठा आधार ठरला. पुढे देशातील अनेक शहरांत अशी केंद्रे निघाली. टाटा मेमोरियल केंद्राचे हे कार्य आता नवी मुंबईतील खारघर येथील संकुलात चालते.

रक्तविकार आणि समाज

या उपचाराचा समाजजीवनाशी सर्वांत निकटचा संबंध थॅलेसेमियाच्या संदर्भात येतो. या आनुवंशिक विकारात बालकाचे शरीर पुरेसे हिमोग्लोबिन बनवू शकत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते. वारंवार दिलेल्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचते आणि ते काढण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. १९८१च्या अखेरीस सिॲटल येथे आणि इटलीतील पेसारो येथे डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांच्या विभागात या विकारावर प्रथम मज्जा प्रत्यारोपण झाले. लहान वयात, यकृताची हानी होण्यापूर्वी आणि जुळणाऱ्या भावंडाची मज्जा मिळाल्यास बहुसंख्य बालके कायमची बरी होतात, असे डॉ. लुकारेल्ली यांच्या अनुभवातून सिद्ध झाले.

भारतात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण सर्वसाधारणपणे तीन ते चार टक्के मानले जाते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी, भानुशाली, तसेच महाराष्ट्रातील आगरी, कोळी इत्यादी समाजांत ते अधिक आढळते. विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा याच कुळातील विकार आहे. वाहक व्यक्ती निरोगी असते. तिला स्वतःला काहीही त्रास नसतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. समाजांतर्गत विवाहाची परंपरा असलेल्या कोणत्याही समूहाला हा प्रश्न परका नाही. पत्रिका जुळविताना एक साधी रक्ततपासणीही करून घेतली, तर पुढील पिढीचे मोठे दुःख टळू शकते. वाहक असणे हा कलंक नव्हे आणि ते लपविण्याचेही कारण नाही.

ज्यांच्या घरी असे बालक आहे, त्यांच्यापुढे खर्चाचाही डोंगर असतो. प्रत्यारोपणाचा खर्च बहुधा दहा लाख रुपयांच्या पुढे जातो. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बालसेवा योजनेत पात्र रुग्णास दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. तरीही अनेक कुटुंबांना धर्मादाय संस्थांच्या मदतीविना हा मार्ग चालता येत नाही.

नवे मार्ग, नवी सावधगिरी

गेल्या चार दशकांत या विद्येला अनेक शाखा फुटल्या. १९८८ मध्ये पॅरिस येथे डॉ. एलियान ग्लुकमन यांनी एका अमेरिकन बालकाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन बरे केले. पूर्वी हे रक्त टाकून दिले जाई. मायलोमासारख्या कर्करोगात रुग्णाच्याच मूलपेशी आधी काढून, गोठवून ठेवतात आणि तीव्र औषधोपचारानंतर परत देतात. तेथे दात्याची गरज नसते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पद्धतीमुळे निम्मी जुळणी असलेल्या आई, वडील किंवा अपत्याची मज्जाही वापरता येऊ लागली. लहान कुटुंबांच्या आजच्या काळात हे मोठे वरदान ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांवर रुग्णाच्याच मूलपेशींतील जनुकात बदल करण्याच्या उपचारास जगात प्रथम मान्यता दिली. त्याची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यात आली. सामान्य रुग्णासाठी तो अद्याप फार दूर आहे.

प्रत्येक उज्ज्वल विद्येच्या सावलीत तिचा बाजारही उभा राहतो. 'स्टेम सेल' या शब्दाभोवती निर्माण झालेल्या आशेचा लाभ उठवून मधुमेहापासून स्वमग्नतेपर्यंत प्रत्येक व्याधीवर इलाज असल्याच्या जाहिराती केल्या जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व काही निवडक विकारांसाठीचे प्रत्यारोपण हाच मूलपेशींचा मान्य उपचार आहे. इतर सर्व वापर संशोधनाच्या कक्षेत येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे अयोग्य ठरते. त्याचप्रमाणे स्वतःच्या भावी उपयोगासाठी बाळाच्या नाळेतील रक्त मोठी रक्कम भरून खासगी पेढीत ठेवण्यास शास्त्रीय आधार नाही, असेही परिषदेने स्पष्ट केले. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष त्या बाळाच्या नाळेतील पेशींतही असतोच. घरात मोठ्या भावंडाला असा आजार असेल, तेव्हा मात्र धाकट्याच्या नाळेतील रक्त उपयोगी पडू शकते. तो निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा.

दात्याचा शब्द

मुख्य प्रश्न दात्यांच्या संख्येचा आहे. ओळखचिन्हे वंशपरंपरेने येत असल्याने रुग्णाशी जुळणारा दाता त्याच्याच प्रदेशात, त्याच्याच समाजात सापडण्याचा संभव अधिक असतो. अमेरिकेतील नोंदणी संस्थेच्या आकडेवारीनुसार तेथील गोऱ्या रुग्णास पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के आहे. आशियाई वंशाच्या रुग्णास ती सुमारे ४७ टक्के आणि आफ्रिकी वंशाच्या रुग्णास अवघी २९ टक्के आहे. ज्यांचे बांधव नोंदवहीत कमी, त्यांची आशाही कमी, असा या आकड्यांचा अर्थ आहे. भारतात चेन्नई येथील दात्री संस्था २००९ पासून हे कार्य करीत आहे. मुंबई व बंगळूर येथेही अशा नोंदणी संस्था आहेत. तथापि एकशे चाळीस कोटींच्या देशात नोंदलेल्या दात्यांची संख्या अद्याप काही लाखांतच आहे. जो समाज आपल्या तरुणांची नोंदणी करतो, तो प्रथम आपल्याच रुग्णांसाठी आणि त्यांच्याबरोबर जगातील कोणा अनोळखी रुग्णासाठीही दार उघडतो.

परंतु नुसती नाव नोंदणी म्हणजे दान नव्हे. एखाद्या उत्सवात उत्साहाने दिलेला नमुना काही वर्षांनी कोणाशी तरी जुळतो, तेव्हा दाता नोकरीत, संसारात गुंतलेला असतो. घरची मंडळी घाबरतात आणि नकार कळविला जातो. आरंभीच दिलेला नकार रुग्णाच्या आशेवर आघात करतो. परंतु अखेरच्या टप्प्यावरील नकार प्राणघातक ठरू शकतो. प्रत्यारोपणापूर्वी काही दिवस तीव्र औषधांनी किंवा किरणांनी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. त्या क्षणापासून त्याच्या देहात रक्त निर्माण करणारे काहीही उरलेले नसते. दात्याच्या पेशी येईपर्यंत तो केवळ एका अनोळखी माणसाच्या शब्दावर जगत असतो. म्हणून नोंदणीपूर्वीच पूर्ण माहिती घ्यावी, घरच्यांशी विचारविनिमय करावा, मन साशंक असेल तर थांबावे आणि शब्द दिला तर तो पाळावा.

२०१२ च्या अखेरीस जगातील प्रत्यारोपणांची संख्या दहा लाखांवर पोहोचली. कूपर्सटाउनच्या सहा रुग्णांपासून तेथवरच्या वाटचालीत शास्त्रज्ञांची बुद्धी, परिचारिकांची सेवा आणि मुक्या जिवांचे बलिदान यांचा वाटा आहे. त्यांच्या बरोबरीने विंचाच्या कामगारांना मज्जा देणारे ते फ्रेंच दाते, मिनेसोटाची ती बहीण आणि परळच्या रुग्णालयातील तो भाऊ यांचेही स्मरण ठेवले पाहिजे. त्यांनी जे दिले, ते त्यांच्या देहाने काही आठवड्यांतच भरून काढले असेल. ज्यांना ते मिळाले, त्यांच्यासाठी मात्र त्याची जागा घेऊ शकेल असे दुसरे काहीही या जगात नव्हते.